विहिरीमागचा गवती चहा आणि पुरवणीतलं थिअनीन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला हर्बल चहा आणि मेंदू यावरचा लेख काल वाचला. लेखिकेचा अभ्यास दांडगाच असणार. पण गवती चहा, तुळस नि आल्याच्या काढ्यातून एल-थिअनीन नावाचं, मेंदू तल्लख करणारं अमिनो आम्ल मिळतं, हे त्यांना कुठे सापडलं तेवढं कळवावं. थिअनीन असतं ते खऱ्या चहाच्या पानात, आसाम-दार्जिलिंगच्या. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९४९ साली हिरव्या चहातूनच वेगळं काढलं. गवती चहा हे गवत. त्याचा वास सिट्राल नावाच्या सुगंधी द्रव्याचा, आणि सिट्राल हे अमिनो आम्ल नव्हे. असल्या चहात घालतात त्या ब्राह्मीतली बॅकोसाइड नावाची द्रव्यंही नव्हेत.

असलाच एक लेख तुम्ही गणपतीच्या सुमारास छापला होतात. तो आमच्या ह्यांनी कात्रीने कापून ठेवला, मुंबईला मुलाला फोन केला आणि ४९० रुपयांचा डबा घरी आला. आत वीस पिशव्या. पुढे मेंदूचं रंगीत चित्र, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत गवती चहा, तुळस, सुंठ, ज्येष्ठमध, ब्राह्मी. थिअनीनचा उल्लेख नाही, मिलिग्रॅमचा आकडा नाही. तोच गवती चहा आमच्या विहिरीमागे, न्हाणीचं पाणी जातं तिथे, कमरेएवढा माजलाय. शेजारपाजारचे फुकट नेतात.

बरं, डबा आल्यापासून ह्यांनी सकाळचा दुधाचा चहा सोडला. म्हणजे घरात जे काही थिअनीन होतं तेही गेलं! अकरा वाजता पेपर तोंडावर घेऊन घोरतात. परवा नारळ पाडणाऱ्याला पैसे दोनदा दिले. स्मरणशक्ती वाढल्याचं हेच लक्षण असेल तर लेखिकेचं अभिनंदन.

साध्या चहानेही कुणी हुशार होत नाही म्हणा. कपात थिअनीन जेमतेम दहा-वीस मिलिग्रॅम, आणि प्रयोगांत देतात शंभर-दोनशे, तेही बहुधा कॅफिनच्या जोडीने. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर २०११ सालीच मेंदूबद्दलचा हा दावा मान्य केला नाही. ट्रिप्टोफॅन, टायरोसीन ही मेंदूच्या कामी येणारी अमिनो आम्लं प्रथिनांतून मिळतात. आमच्याकडे कुळथाची पिठी आहे, बांगडा आहे. त्यावर पुरवणीत चार ओळी आल्याचं आठवत नाही. त्यांचा डबा निघत नाही ना!

लेखाच्या खालीच तसल्याच चहाची पाव पान जाहिरात होती. योगायोग असेल.

दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीतच छापा, आतल्या पानावर निधनवार्तांच्या शेजारी नको. आणि ही पुरवणी पावसाळ्यापासून आमच्याकडे सोमवारी दुपारच्या एसटीने येते. तोवर दादरच्या बहिणीने शब्दकोड्याची उत्तरं फोनवर सांगून टाकलेली असतात. त्याचं काय ते वितरण विभागाला विचारा.

आपली,
एक जुनी वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग