भांडण 550 जागांचं

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
फेअरफॅक्स काउंटी शाळा मंडळ, व्हर्जिनिया

सप्रेम नमस्कार.

इंग्रजी प्रत वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहितो आहे ते आमच्या माणसांनीही वाचावं म्हणून. थॉमस जेफरसन हायस्कूल, म्हणजे टीजे, हे तुमचं विज्ञान-तंत्रज्ञानाचं निवडक मुलांचं हायस्कूल; हा विषय इथल्या गणपतीच्या आरतीनंतरच्या रांगेतही निघतो. तिथला प्रवेश आठवीत ठरतो आणि आमच्या घरी आता आठवीतलं कोणी नाही, तेव्हा माझा स्वार्थ यात धरू नये.

ऑक्टोबर 2020 मध्ये तुम्ही टीजेची प्रवेशपरीक्षा रद्द केलीत आणि डिसेंबरमध्ये प्रत्येक शाळेतल्या आठवीच्या दीड टक्का मुलांसाठी जागा राखल्यात. पहिल्याच वर्षी आशियाई मुलांचं प्रमाण 73 टक्क्यांवरून 54 वर आलं. काही पालक याविरुद्ध कोर्टात गेले. 2022 मध्ये पालक जिंकले, 2023 मध्ये तुम्ही, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला.

परीक्षा गेल्याचं मला फारसं दुःख नाही. क्लासवाल्यांनी दहावी-बारावीचं काय केलं ते आम्ही पाहून आलो आहोत, आणि इथे येऊन पोरांना टीजेचे क्लास लावणाऱ्यांत आम्हीही होतोच. (रागावणाऱ्यांनी खुशाल रागवावं.) पण एवढी वर्षं भांडलो ते जागा कोणाला, यावर. जागा किती, हे विचारलं कोणी? वर्षाला 550.

टीजेत खरी मौज शेवटच्या वर्षी असते. न्यूरोसायन्स, समुद्रविज्ञान, रोबोटिक्सच्या प्रयोगशाळांत मुलं स्वतःचा प्रकल्प करतात. तिथल्या मुलांनी बांधलेला टीजेथ्रीसॅट हा पिटुकला उपग्रह नोव्हेंबर 2013 मध्ये व्हर्जिनियातल्याच वॉलप्सच्या प्रक्षेपण तळावरून अवकाशात गेला. हे फक्त निवडक साडेपाचशेंनाच जमेल, हे मला पटत नाही. सोल्डरिंग करताना बोट भाजून घ्यायला जागा आणि चुकलेलं सर्किट सोबत बसून पाहणारा शिक्षक मिळाला, की पुष्कळांना जमतं.

शेजारच्या लाउडन काउंटीने 2018 मध्ये लीसबर्गला अकॅडमीज ऑफ लाउडन ही विज्ञान-तंत्रज्ञानाची शाळा उघडली. मुलं तिथे दिवसाआड जातात, बाकी दिवस आपापल्या हायस्कूलमध्ये. तुम्ही 2025 मध्ये हर्नडनजवळची किंग अब्दुल्ला अकॅडमी या खाजगी शाळेची इमारत 15 कोटी डॉलर मोजून घेतलीत. तिथे टीजेच्या तोडीच्या चार प्रयोगशाळा काढा आणि आसपासच्या हायस्कूलच्या मुलांना दिवसाआड येऊ द्या. गर्दी झालीच, तर चिठ्ठ्या टाका.

पुढच्या अंदाजपत्रकात यासाठी किती रक्कम धरणार, तेवढं कळवावं.

आपला,
हर्नडनचा एक करदाता