पन्नास? कशाचे पन्नास?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला उतारवयातली ताकद आणि 'ड' जीवनसत्त्व यांवरचा लेख वाचला. हेतू चांगला असणार, शंका नाही. पण चौकटीत ठळक अक्षरांत 'रक्तातील पातळी किमान ५० हवी' एवढेच छापून आपण मोकळे झालात. पन्नास काय? किलो की फूट?

प्रयोगशाळा हा आकडा दोन एककांत देतात. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्याला अडीचने गुणले की दुसरा मिळतो. म्हणजे ५० नॅनोमोल आणि २० नॅनोग्रॅम एकच, आणि बहुतेकांना तेवढे पुरते. आता ज्या आजींच्या रिपोर्टवर २४ नॅनोग्रॅम लिहिले आहे, त्या तुमची चौकट वाचून 'आपण निम्म्यावरच' म्हणून धसका घेणार. त्यांचे नॅनोमोल भरतात ६०!

धसका घेतला की डोस वाढणार. त्यासाठी 'एकदाच मोठा डोस, मग निश्चिंती' हा सल्लाही तयारच आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या महिलांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिले होते. २०१० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा डोस घेतलेल्याच जास्त पडल्या होत्या आणि हाडेही त्यांचीच जास्त मोडली होती. झुरिकच्या २०१६ च्या चाचणीत महिन्याला २४ हजार युनिट घेणाऱ्यांपैकी वर्षभरात शंभरातले ४८ पडले, ६० हजारवाल्यांतले ६७. महिन्याचे २४ हजार म्हणजे दिवसाचे ८००. सत्तरीनंतर शिफारस तेवढ्याचीच आहे. गोळी जेवणाबरोबर घ्यावी, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळते. आणि रोज ४ हजारांच्या वर स्वतःच्या मनाने जाऊ नये. जास्त डोसाने रक्तात कॅल्शियम वाढले की बद्धकोष्ठ, सतत तहान, गोंधळलेपणा सुरू होतो, आणि घरचे म्हणतात, वय झाले.

कमतरता खरोखर मोठी असेल तर मांड्या आणि कंबरेचे स्नायू ढिले पडतात, खुर्चीतून उठवत नाही. तिथे गोळीचा गुण येतो. पण पातळी पुरेशी असताना झिजलेला स्नायू गोळीने भरून येत नाही. त्याला भाराचा व्यायाम लागतो आणि वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). लेखात व्यायामाला मिळाली दीड ओळ.

त्या चौकटीत खुर्चीची चाचणी सहज मावली असती. बिनहाताची, टणक बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायचे-बसायचे. स्नायूंच्या झिजेच्या आशियाई निकषानुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तपासून घ्यावे. सोफ्यावर करू नये, आणि गुडघ्यावर हात रेटून उठलेले धरू नये. व्यायामही हाच, आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. फक्त बसताना धपकन बसायचे नाही, सावकाश टेकायचे. खरे काम तिथेच होते.

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत आणि एककासह छापावी, ही विनंती.

जाता जाता, 'जीवनसत्त्व' शब्दात दोन त आहेत. लेखात तिन्ही ठिकाणी एकच सापडला. डोस सढळ आणि त मोजून, असे का?

आपला,
एक नियमित वाचक