आई-बाबा, दिवाळीला मी का आले नाही

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
16 मार्च

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र तुम्ही नेहमीसारखं आईला मोठ्यानं वाचून दाखवाल. पण आधी एकदा मनात, शेवटपर्यंत वाचा. मग तिला जवळ बसवून वाचा. हे फोनवर सांगायचा मी चारदा प्रयत्न केला. आईचं “जेवलीस का” ऐकलं की पुढचं सगळं घशातच राहायचं.

सप्टेंबरात माझं जे गाठीचं छोटं ऑपरेशन झालं, ते छोटं नव्हतं. गाठ कॅन्सरची होती. उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. ऑक्टोबरपासून केमो चालू आहे. दिवाळीला अंगात ताकद नव्हती आणि संक्रांतीला डोक्यावर केस नव्हते. शाळेचं काम वगैरे काही नव्हतं. बाबांच्या बायपासला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते, म्हणून तुम्हाला सांगायचं नाही असं मी ठरवलं. भाऊला मीच शपथ घातली होती. त्याच्यावर रागावू नका.

आता चांगलं सांगते. आजार दुसरीकडे कुठे पसरलेला नाही. दर 21 दिवसांचे चार मोठे डोस झाले. नंतरचे दर मंगळवारचे 12, त्यातले 10 झाले. दोन राहिलेत. मग 15 वेळा रेडिएशन आणि त्यानंतर निदान पाच वर्षं रोज एक गोळी. पाळी केमोनं थांबली. मधेच अंगातून वाफा निघतात, घामानं न्हाऊन निघते, पण ते सोसण्यासारखं आहे. घरात हे आणि पोरगा सगळं बघतात. सासूबाईंनी तर या वयात पुन्हा स्वयंपाकघर हातात घेतलंय.

आई, तुझ्या मनात पहिला प्रश्न हाच येणार, आपल्यात तर कुणाला नव्हतं, मग हिला कुठून? मीही डॉक्टरांना तेच विचारलं. आईबापाकडून वारशानं येणारा हा आजार 100 तल्या पाच-दहा जणींनाच असतो म्हणाले. तेव्हा तुझं काही चुकलं, तुझ्याकडून काही आलं, असं मनात आणू नकोस. चुकलं असेल तर माझं. श्रावणात अंघोळ करताना गाठ हाताला लागली होती. दुखत नव्हती, म्हणून गौरी-गणपती होऊ दे म्हणून महिनाभर गप्प बसले. केमोच्या खोलीत भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या तोंडी हेच वाक्य आहे: दुखत नव्हती हो.

त्या खोलीबद्दलच मला लिहायचंय. कारण तुम्हाला वाटेल, आपल्या लेकीनं सहा महिने हे एकटीनं काढलं. तसं झालं नाही.

खोलीत नऊ खुर्च्या आहेत. नर्स नावानं पुकारते, पण आम्ही एकमेकींना गावानं हाक मारतो. मुरगूड, कागल, शिरोळ. पेठेत 24 वर्षं संसार करूनही मी तिथं ‘आजरा’च. पहिल्या दिवशी तिथल्या एसीनं कुडकुडत होते, म्हणून यांनी घरून आईनं शिवलेली वाकळ आणली. शेजारी कागल बसली होती, पन्नाशीची, ब्लाऊज शिवणारी. माझ्या सलाईनला लालभडक औषध लागलं तशी ती म्हणाली, “उद्या लघवी लाल हुईल. घाबरू नगंस. रगात न्हवं ते, औषधाचा रंग हाय.” डॉक्टरांनीही ते सांगितलं असेल. पण त्या आठवड्यात मला कुणाचं काही ऐकूच येत नव्हतं. तिचं ऐकू आलं, कारण तिचं झालं होतं.

बाबा, तुम्ही विचाराल, एवढे मोठे डॉक्टर असताना बायकांचा आधार कशाला? केस गळायच्या आधी केसांची मुळं दुखतात, उशीवर डोकं टेकवत नाही, हे मला कागलनं सांगितलं. “पुंजके हातात यायच्या आधी कापून टाक, म्हंजे रडू अर्धं हुतंय,” म्हणाली, आणि नवी कात्री घेऊन स्वतः घरी आली. आमच्या गच्चीवर तिनं माझे केस कापले. निम्मंच रडू आलं, हे खरं.

एकदा सासूबाईंनी माझ्या अंगात ताकद यावी म्हणून गंगावेशीतून धारोष्ण दूध मागवलं. मी लहान असताना कोल्हापूरला आलो की बाबा मला तिथं म्हशीजवळ उभं करून पाजायचे, तेच. मुरगूड नेमकी घरी आली होती. तिनं सासूबाईंना शेजारी बसवून सांगितलं की केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, कच्च्या दुधातले जंतू आपण एरवी पचवतो ते या दिवसांत जिवावर बेततात, उकळूनच द्या. माझ्या तोंडून हे त्यांना लागलं असतं. तिच्याकडून लागलं नाही.

मुरगूडचा माझ्यावर आणखी मोठा उपकार आहे. दुसऱ्या डोसानंतर नवव्या दिवशी रात्री दोन वाजता अंग तापलं. एवढ्यासाठी कुणाला उठवायचं, सकाळी बघू, असं मनात आलंच. तेवढ्यात तिचं वाक्य आठवलं, “100.4 च्या वर गेला की सकाळची वाट बघायची न्हाई.” यांना उठवलं. चार दिवस दवाखान्यात अँटिबायोटिक चालू होती. उशीर झाला असता तर, एवढंच डॉक्टर म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. मुरगूडला स्वतःला एका ठिकाणी ‘वयाप्रमाणं होतात गाठी’ म्हणून तीन महिने नुसत्या गोळ्या दिल्या होत्या. म्हणून उशीर या शब्दावर ती फार चिडते.

संक्रांतीत आम्ही खुर्च्यांवरच हळदीकुंकू केलं. कागलचे यजमान जाऊन सात वर्षं झाली. तिला कुणी बोलावत नाही. तिथं सगळ्यात आधी कुंकू तिला लावलं. वाण काय दिलं माहितीय? प्रत्येकीला एक थर्मामीटर. कल्पना मुरगूडची.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले, ते लिहिते.

शिरोळच्या अक्का आमच्यात सगळ्यांत मोठ्या, 58 वर्षांच्या. पाचवं वर्ष चालू आहे. त्यांचा आजार हाडांत गेलाय. गोळ्या घेतात, हाडांचं इंजेक्शन घ्यायला येतात. सुरुवातीला मी त्यांच्या शेजारची खुर्ची टाळायचे. नुसती मीच नाही, आम्ही सगळ्याच. आमचं बोलणं ‘किती डोस राहिले’, ‘संपल्यावर काय करायचं’ असं चालायचं आणि त्या आल्या की मुकं व्हायचं. त्यांच्याकडे बघितलं की आपलं पुढं काय होईल ते दिसतं असं वाटायचं. मी हे तुमच्याशी खोटं बोलणार नाही. माझी ती भीती फार वाईट होती, आणि त्या भीतीपायी एका आजारी बाईला मी एकटं पाडलं.

डिसेंबरात एकदा दुसरी खुर्ची रिकामी नव्हती म्हणून त्यांच्याजवळ बसले. त्यांनीच तोंड उघडलं. “तुमी समद्या संपवाय येताय. मी चालू ठेवाय येतो. पर भूक मला बी लागतीया, बोलाय मला बी लागतंय.” आपल्याकडच्या जुन्या बायका बोलतात तसं, येतो, जातो. मी त्यांचा हात धरला आणि माफी मागितली. त्या दिवसापासून त्या मधल्या खुर्चीवर बसतात. आणि त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे. कुठली ओकारी साधी आणि कुठली कळवायची, जन आरोग्य योजनेला रेशनकार्डासोबत कुठला कागद लागतो, कुणाच्या नवऱ्याला बाजूला घेऊन काय सांगायचं. मुरगूडच्या नवऱ्याचं, ऑपरेशननंतर तिच्याकडे बघायचंच बंद झालं होतं. अक्कांनी त्याला बाहेर बाकावर बसवून काय सांगितलं ते कुणालाच ठाऊक नाही. पुढच्या मंगळवारी तो आत येऊन तिच्या पायाशी बसला.

गेल्या महिन्यात अक्कांनी मला विचारलं, “आईबाला सांगितलंस का?” नाही म्हणाले. बाबांचं ऑपरेशन, आईचा जीव लहान, सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी बी न्हाई सांगटलं. माझी आई दोन वर्सांमागं गेली. जाईस्तोवर तिला वाटत ऱ्हायलं, लेक रुसलीया म्हणून येईना.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. आई, भाऊबीजेनंतर तू फोनवर विचारलंस, “माझं काय चुकलं का गं?” मी हसण्यावारी नेलं. तुझा तो आवाज तेव्हापासून माझ्या कानात आहे. मी रुसले नव्हते गं. नोव्हेंबरात तू घनसाळ पाठवलास, तेव्हा छान झाला म्हणाले तेही खोटं. शिजताना सुटणारा तो वास तेव्हा मला सोसवेना, भात लावला की मी गच्चीवर जाऊन बसायचे आणि रडायचे. तो तांदूळ मी कागलला दिला. तिचे जोराचे डोस संपले होते, तिला गोड लागला. आता मला पुन्हा घनसाळ खावासा वाटतो.

बाबा, तुमच्यासाठी एक गोष्ट. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितली. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये टेरीस लासर नावाच्या बाईचं असंच ऑपरेशन झालं. पुढं कसं जगायचं हे कुणी सांगेना, म्हणून बरी झाल्यावर ती स्वतःच दुसऱ्या बायकांना भेटायला दवाखान्यात जायला लागली, हात मोकळा करायला चेंडू आणि दोरी घेऊन. बरी झालेली बाई आजारी बाईला भेटते, हे काम त्यातून पुढं अनेक देशांत पसरलं. मीही तोच व्यायाम करते. भिंतीवर बोटांनी चढायचं, पोचेल तिथं पेन्सिलीची खूण करायची. तुम्ही दाराच्या चौकटीवर आमची उंची मोजायचात तशा माझ्या भिंतीवर खुणा आहेत. शेवटची डोक्याच्या वर आहे.

आणि आई, तू आणि सूनबाई दोघी तपासून घ्या. मुंबईत टाटाच्या डॉक्टरांनी 20 वर्षं दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. शिकवलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासायच्या. तेवढ्यानं पन्नाशीपुढच्या बायकांतले मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा ‘आता या वयात काय’ म्हणू नकोस.

कागलचं एक सांगायचं राहिलं. आता जे दर मंगळवारी माझं चालू आहे, त्याच औषधानं तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. मशीन चालवते, पण हुक आणि हातशिलाईला सुई ओवता येत नाही. तिचं पोट त्यावर आहे. वर्षभर दर 21 दिवसांनी ती इंजेक्शनला येते, तेव्हा सुयांची डबी आणि रिळं घेऊन येते. ज्यांची बोटं अजून शाबूत आहेत त्या सगळ्या मिळून तिला 20-25 सुया ओवून देतात, प्रत्येकीत लांब दोरा. त्याच सुयांनी तिनं माझ्या ब्लाऊजना आतून खिसे लावलेत. त्यात राळे भरलेली सुती पिशवी बसते. नुसता कापूस हलका, वर सरकतो. राळ्यांनी वजन येतं, खांदा एकीकडे झुकत नाही. पैसे घेत नाही.

डिसेंबरपर्यंत मी ओवत होते. आता माझीही बोटं झोपलीत. हे पत्र चार दिवस लिहितेय, अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे, हात थरथरतोय म्हणून नाही. कागलच्या गेल्या फेरीच्या दिवशी गगनबावड्याची एक बाई पहिल्यांदा आली. पदर तोंडाला लावून बसली होती, कुणाशी बोलेना. कागलनं काही न विचारता सुई आणि दोरा तिच्या हातात दिला. सलाईन संपेपर्यंत तिनं 11 सुया ओवल्या आणि जाताना विचारून गेली, पुढच्या वेळी तुम्ही असणार का?

24 तारखेला माझा शेवटचा डोस आहे. कागलचीही फेरी त्याच दिवशी आहे, अक्काही येणार आहेत. दोघं आदल्या दिवशीच सकाळच्या एस.टी.नं या, भाऊ स्टँडवर घ्यायला येईल. घनसाळ दोन किलो आणा. आणखी एखादी वाकळ असली तर तीही, कारण आमची हल्ली रोज दुसरीच्याच अंगावर असते. आणि आई, मोतीबिंदू काढल्यापासून तुला बारीक दिसतं ना, तर नवा चष्मा विसरू नकोस. कागलच्या सुया या वेळी तू ओव.

तुमची,
ताई