उपाशीपोटीच्या आकड्यावर जाऊ नकोस

सोलापूर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

किडनी बसवल्यावर तुझी साखर वाढायला लागली. आता उपाशीपोटी १०४ आली म्हणून तू निर्धास्त झालास, पण हा आकडा फसवा आहे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सकाळी घेतलं की साखर दुपारनंतर चढते आणि रात्रीतून उतरते. त्यामुळे दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी बोटातून तपास. २०० च्या पुढे दिसली तर डॉक्टरांना लगेच कळव. एचबीएवनसीवरही, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीवरही, इतक्यात विसंबू नकोस. किडनी बसवल्यावर पहिले काही महिने रक्त कमी असतं, कधी बाहेरून चढवलेलं असतं, मग ती खोटीच कमी दिसते.

घरात कुणाला मधुमेह नाही, मग मलाच का, असं विचारतोस. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस घेतोस, त्यामुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं. प्रेडनिसोलोनमुळे जे सुटतं तेही नीट लागू पडत नाही. पण म्हणून या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. साखर आवरता येते, किडनी शरीरानं नाकारली तर फार अवघड. टॅक्रोलिमसची लेव्हल, म्हणजे रक्तात ते किती आहे, हे बघायचं रक्त रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला तपासणीला जाशील तेव्हा गोळी खिशात ठेव. गाडीतच घेतलीस तर लेव्हल जास्त दिसेल आणि डोस उगाच कमी होईल. पपनस नको, त्यानं लेव्हल वाढते. जुलाब लागले तर लगेच फोन कर, त्यानंही लेव्हल वाढते.

इन्सुलिन सुरू झालंच तर बाटलीवर ४० लिहिलंय की १०० (एका मिलीलिटरमधले युनिट) ते आधी बघ. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज. तिथं १०० ची नारिंगी वापरलीस तर वीस रेघांना आठच युनिट जातात! आणि प्रेडनिसोलोन कमी केलं की इन्सुलिनही कमी करावं लागतं, ते त्याच भेटीत विचारून घे. घाम, थरथर वाटली आणि साखर ७० च्या खाली असली तर तीन चमचे साखर पाण्यातून घे, १५ मिनिटांनी पुन्हा तपास.

आपल्याकडचा एप्रिल-मे तुला सांगायला नको. बाटली फ्रिजच्या दारात ठेव, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं.

कडक भाकरी सोडू नकोस. पण रश्श्यात कुस्करली की किती खाल्ली कळत नाही, आधी मोजून घे. शेंगाचटणीला कुबट वास आला तर सरळ फेक.

आठवडाभराचे आकडे वेळेसकट लिहून पाठव.

तुझा,
विश्वास