अंगावरचं पित्त आणि पोटातला जंतू

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय संभा,

स. न.

तुझ्या अंगावरचं पित्त पोटातल्या जंतूमुळं उठतं का, असं विचारलंस. सहा आठवड्यांच्या वर पित्त उठत राहिलं की ती जुनाट अर्टिकॅरिया. त्यातल्या बऱ्याच जणांत शरीराचीच प्रतिपिंडं (अँटिबॉडी) त्वचेतल्या मास्ट पेशींना डिवचतात, त्यांतून खाज आणणारं हिस्टॅमिन सुटतं आणि गांधी उठतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पोटातला जंतू जठराच्या अस्तरात वर्षानुवर्षं ठाण मांडून प्रतिकारशक्तीला चेतवत राहतो, त्यातूनच ही प्रतिपिंडं निघत असावीत, असा तर्क आहे. पण जंतू गेल्यावर काहींचं पित्त थांबतं, काहींचं जैसे थे. कोड, सोरायसिस, चाई यांबाबत पुरावा आणखी तोकडा. आयटीपीत, म्हणजे प्लेटलेट घटून अंगावर जांभळे ठिपके येतात त्यात, मात्र जंतू काढल्यावर अनेकांच्या प्लेटलेट वाढतात. अर्थात तो आजार रक्ताचा.

आणि तांबड्या रश्श्याला उगाच दोष देऊ नकोस. हा जंतू माणसाकडूनच येतो, बहुधा लहानपणी, घरातच.

खरी गोची तपासणीत होते. तुझी सकाळची पॅन्टोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, चालू असताना तपासलंस, तर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. ती २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद हवं. अल्सरमधून कधी रक्त गेलं असेल किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅन्टोप्राझोल सोडू नकोस. पित्ताची सेटिरिझिन चालू राहू दे. रक्तातली अँटिबॉडी तपासणी करू नकोस. जुना, गेलेला संसर्गही ती दाखवते. शौचातली अँटिजेन (जंतूचेच अंश शोधणारी) तपासणी कर, नाहीतर श्वासाची: उपाशीपोटी एकदा पिशवीत फुंकायचं, युरियाचं पाणी प्यायचं, साधारण अर्ध्या तासानं परत फुंकायचं.

पॉझिटिव्ह आलं तर बहुधा १४ दिवसांचा कोर्स: पॅन्टोप्राझोलसारखी गोळी दोनदा, शिवाय बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल. बिस्मथनं जीभ आणि शौच काळं होतं, दचकू नकोस. शौच डांबरासारखं चिकट आणि सोबत चक्कर, तर मात्र लगेच दवाखाना. टेट्रासायक्लिन दुधातल्या कॅल्शियमला चिकटतं आणि अंगी लागत नाही, तेव्हा गंगावेशीतलं धारोष्ण दूध गोळीच्या आगेमागे दोन तास नको. लोहाच्या गोळीचंही तेच. मेट्रोनिडाझोल संपल्यावरही तीन दिवस दारू वर्ज्य, लेका! बरं वाटलं म्हणून आठव्या दिवशी कोर्स सोडलास तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी पुन्हा तपास, त्याआधी २ आठवडे पॅन्टोप्राझोल परत बंद. जंतू गेला आणि पित्त राहिलं, तर दुसरा कोर्स मागू नकोस, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेतोस ना? त्यानंही काहींचं पित्त भडकतं, तेही त्यांना सांग.

ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर गोळी शोधत बसू नकोस, तडक सीपीआर रुग्णालय गाठ.

रिपोर्टचा फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजय