हितोरी, फुतारी

निशी-कासाई, तोक्यो

प्रिय पम्या,

तुझं पत्र मिळालं. जपानीतले एक, दोन, तीन म्हणजे इचि, नि, सान घोकून पाठ केलंस आणि माणसं मोजायला गेलास तर पहिल्या दोन आकड्यांतच अडलास ना? मीही तिथेच अडलो होतो. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याबरोबर सोबा, म्हणजे इथल्या शेवया, खायला गेलो. दारात मावशींनी विचारलं, "नानमेइ-सामा देसु का?" म्हणजे किती जण? मी म्हणालो, "निनिन देसु," दोनाला 'निन' म्हणजे 'जण' जोडून. त्यांनी दोन बोटं वर धरली आणि हळूच म्हणाल्या, "ओफुतारी-सामा देसु ने." इतक्या मायेनं चूक सुधारली की तो शब्द कायमचा डोक्यात बसला.

एकाला हितोरी, दोघांना फुतारी आणि तिथून पुढे सान्निन, योनिन, गोनिन. याला अपवाद म्हणून घोकू नकोस रे. इचि, नि, सान हे आकडे चीनकडून आले. जपान्यांच्या घरचे आकडे हितो, फुता, मि, यो. वस्तू मोजताना तू हितोत्सु, फुतात्सु म्हणतोस, ते हेच. जुन्या जपानीत तिघांना मितारी आणि चौघांना योतारीही म्हणत. ते मागे पडले, पहिले दोन टिकले. मला वाटतं, एकटं असणं आणि दोघं असणं रोज तोंडात येतं, म्हणूनच.

आणि आपण काय करतो? दोघं, तिघं, चौघं आणि मग एकदम पाच जण! 'पाचघं' कुणी म्हणत नाही. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. ताटं घेताना आई म्हणायची, "आज चौघंच आहोत," तेवढ्यावर आपण शिकलो. त्यांची जुनी मोजणी दोनावर थांबली, आपली चारावर. वर आपल्याकडे दोघे, दोघी, दोघं. फुतारीला लिंगाची भानगडच नाही.

चाराला मात्र जप. योन्निन नाही, योनिन. आणि चाराचा दुसरा उच्चार 'शि' इथे अजिबात नको. शिनिन म्हणजे मेलेला माणूस. अकरा जण म्हणजे जुउइचिनिन, बारा म्हणजे जुउनिनिन. तिथे हितोरी-फुतारी परत येत नाहीत.

आणखी एक. एक आडवी रेघ आणि शेजारी पाय फाकून उभा माणूस, हे हितोरीचं लिखाण तू गिरवलंच असशील. त्याच्यापुढे 'माए' लागलं की तीच अक्षरं इचिनिन वाचायची: इचिनिनमाए, म्हणजे एका माणसापुरतं जेवण. पोरगं शिकून स्वतःच्या पायावर उभं राहिलं की त्यालाही इचिनिनमाए म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो.

डिसेंबरची परीक्षा झाली की वहिनींना घेऊन ये. त्याच सोबाच्या दुकानात जाऊ. दारात उत्तर तू द्यायचंस, आणि आपण तिघं असू, तेव्हा सान्निन.

तुझा,
बंड्या