पैठणच्या विणकरदादांस

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरून निघताना धड आभारही मानता आले नाहीत. माझा गळा दाटून आला होता, आणि तुम्ही तर लगेच मागावर जाऊन बसलात. म्हणून हे पत्र. तुमचं नाव इथं लिहीत नाही, पण पैठणात कुणाच्या वाचनात आलं तर त्यानं ते तुम्हाला वाचून दाखवावं.

माझी भाची शिकायला जर्मनीला चालली आहे. तिच्यासोबत आपल्या मराठवाड्याचं, कुणाच्या तरी हातचं काहीतरी द्यायचं, हा तिच्या आजीचा म्हणजे माझ्या आईचा हट्ट. आईला कापडाची पारख मोठी. पण काचबिंदूनं तिची नजर बरीचशी गेली आहे. समोर रंग आहे एवढं कळतं, नक्षी कळत नाही.

तुमच्याकडं येण्याआधी आम्ही पैठणी बघायला एका झगमगीत दुकानात गेलो होतो. पदराची मागची बाजू दाखवा म्हटलं, तर “घडी मोडते, ताई.” हातमागाची आहे ना, तर “म्हणजे काय!” कुठं विणली, हे विचारल्यावर माणूस फोन कानाला लावून बाजूला झाला. आईनं चाचपून बघायला हात पुढं केला तेव्हा दुसरा म्हणाला, “मावशी, डोळे झाकून घ्या.” आईनं हात मागं घेतला. तिचा तो मागं घेतलेला हात मला अजून छळतो. यंत्रमागाचं कापड विकण्यात काही पाप नाही, ज्याला जे परवडतं ते त्यानं घ्यावं. पण ते हातमागाचं म्हणून गळ्यात मारायचं? पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते मागावर पाठ मोडणाऱ्यांच्या कामाला. त्या नावावर असा माल खपवणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

आणि मग तुमचं घर.

हातमागाची आहे ना, हे आईनं तुम्हालाही विचारलं, जरा भीतभीतच. तुम्ही हातातली तिल्ली, म्हणजे रंगीत धागा गुंडाळलेली छोटी कांडी, ठेवली, मागाखालच्या खड्ड्यातून पाय वर काढले आणि तिच्याजवळ आलात. “माय, हात द्या इकडं.” मागावर ताणलेल्या पदरावर तिचं बोट तुम्ही मोराच्या मानेवरून पिसाऱ्यापर्यंत फिरवलं. मग तेच बोट पदराच्या खालून, त्याच मोरावर. दोन्हीकडं सारखं. वहिनींनी आतून त्यांना आहेरात आलेली यंत्रमागाची साडी आणली. तिच्या पदराच्या पाठीवर बोट नेलं तर नुसती कातरलेल्या धाग्यांची खरखर. आईचा चेहरा त्या क्षणी बदलला. तुम्ही सांगत होतात की मानेचा निळा धागा एका तिल्लीवर, पिसाऱ्याचा हिरवा दुसऱ्या. जिथं एक रंग संपतो तिथं तो शेजारच्या रंगात अडकवून माघारी फिरवायचा, म्हणून मागं धागा लोंबत नाही. आई म्हणाली, “म्हंजी ह्याला उलटी बाजूच न्हाई की!” तुम्ही म्हणालात, “न्हाई माय.”

दादा, तिला डोळ्यांनी दिसत नाही याची कीव करणारे पुष्कळ भेटतात. तिला बघता येईल अशी जागा तुम्ही शोधून दिलीत. दिवसाकाठी बोट-दोन बोटंच पुढं सरकणारं तुमचं काम, त्यात आमच्यासाठी माग थांबवलात आणि त्याचं काही दाखवलंही नाहीत. आई तीनदा-चारदा तोच मोर चाचपत राहिली तरी तुम्ही तिचा हात सोडला नाही.

वर आणखी बजावलंत की हिमरूच्या नक्षीदार कापडाला हे माप लावू नका. त्याच्या नक्षीचे जादा धागे पाठीमागं सुटेच असतात, हातानं विणला तरी. संभाजीनगरात कुणी हिमरूची शाल दाखवली तर नुसती पाठ बघून त्या विणकराला खोटं ठरवू नका, म्हणालात. दुसऱ्याच्या धंद्याची एवढी काळजी! जरीचं विचारलं तर ती सुरतेची, सोन्याची नव्हे, हेही आपणहून सांगितलंत. माल कसा तपासायचा हे गिऱ्हाइकाला आधी शिकवायचं आणि मग भाव सांगायचा, असा माणूस मी बाजारात फार क्वचित पाहिला. माझ्या लेखी खरा सज्जन तोच. अशी माणसं आपल्याकडं आहेत, आडबाजूच्या गल्लीत बसलेली आहेत, आणि आपण मात्र काचेच्या दारांमागं त्यांना शोधतो.

आईनं घेतलेली मुनियाच्या, म्हणजे छोट्या पोपटांच्या नक्षीच्या, काठाची ओढणी भाचीला फार आवडली. आजीनं तिचंही बोट धरून काठाच्या पाठीवर फिरवलं. आता शेजारच्या बायकाही कपाटातल्या पैठण्या घेऊन आईकडं येतात आणि ती बोटानं सांगते, हातमागाची की यंत्राची. फार दिवसांनी तिला कुणीतरी काहीतरी विचारायला येतंय.

नाथषष्ठीची गर्दी ओसरली की आम्ही पुन्हा येतो. वहिनींसाठी आईनं वाकळ शिवायला घेतली आहे. सुई मी ओवून देते, टाके तीच घालते. एका माणसाची हवी की दोघांची, तेवढं कळवा.

तुमची,
परभणीची एक बहीण